दयाळू कोणी व्हायचे? एका विशेषणाच्या अनेकवचनाची वकिली

व्याकरण म्हटले की माणसे जांभया देऊ लागतात आणि लॅटिन व्याकरण म्हटले की उठून जातात. वाचकहो, तरीही या लेखात मी एका लॅटिन विशेषणाची बाजू घेऊन भांडणार आहे. शब्द देही झाला, ही ज्यांच्या श्रद्धेची पायाभूत घटना आहे, त्यांनी शब्दाच्या देहाकडे, म्हणजे त्याच्या घडणीकडे आणि रूपांकडे, पाठ फिरवावी ही मोठी विसंगती आहे. आपण मिस्साबलीत पाव आणि द्राक्षारस यांची काळजी घेतो. त्यांवर उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांची मात्र आपल्याला तितकीशी काळजी वाटत नाही.

प्रकरण साधे आहे. पोप फ्रान्सिस यांनी ११ एप्रिल २०१५ रोजी दयेचे असाधारण ज्युबिली वर्ष जाहीर केले. ते ८ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाले आणि २० नोव्हेंबर २०१६ रोजी संपले. त्या वर्षाचे बोधवाक्य तीन लॅटिन शब्दांचे होते : ‘मिसेरिकोर्देस सिकुत पातेर’. आपण त्याचे मराठी ‘पित्यासारखे दयाळू व्हा’ असे केले. फलक लागले, गीते झाली, प्रवचने झाली, पवित्र दारातून माणसे आत गेली आणि बाहेर आली. त्या वर्षात एके ठिकाणी मी एक फलक पाहिला. त्यावर कोणा उत्साही माणसाने बोधवाक्याची ‘दुरुस्ती’ करून ‘मिसेरिकोर्स सिकुत पातेर’ असे छापून घेतले होते. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “फादर, पिता तर एकच आहे ना? मग अनेकवचन कशाला?” आणि वर पुस्ती, “एका अक्षराने असे काय बिघडते?”

बरेच काही बिघडते. ज्युबिली वर्ष संपून आता बराच काळ लोटला. पोप फ्रान्सिसही २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. पण ते फलकावरचे अनेकवचन आपण आजवर वाचलेलेच नाही, असे माझे म्हणणे आहे आणि त्याची किंमत आपले धर्मग्राम मोजीत आहेत.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘मिसेरिकोर्स’ हा सामासिक शब्द आहे. ‘मिसेर’ म्हणजे दीन, दुःखी, हलाखीत सापडलेला. ‘कोर’ म्हणजे हृदय. या हृदयवाचक शब्दाचे मूळ अंग ‘कोर्द’ असे आहे. प्रथमेत तो ‘कोर’ असा दिसतो, पण षष्ठीत ‘कोर्दिस’ होतो. दोन शब्द जोडताना लॅटिन भाषा मध्ये सहसा एक ऱ्हस्व ‘इ’ घालते. तसा येथेही तो आला आहे. ‘ओम्निपोतेन्स’, म्हणजे सर्वसमर्थ, या आपल्या श्रद्धासूत्रातील विशेषणातही सांध्यावर ‘इ’च दिसतो. समासाच्या शेवटी प्रथमेचा प्रत्यय ‘स’ लागतो आणि त्याच्यापुढे ‘द’ गळून पडतो. असे हे ‘मिसेरिकोर्स’ सिद्ध झाले.

आता शाळेतले मराठी व्याकरण आठवा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपला ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ दिला. तेव्हापासून मराठी मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या समासांची नावे घोकत आल्या आहेत. ज्या समासात दोन्ही पदांहून वेगळ्याच तिसऱ्या पदाचा बोध होतो तो बहुव्रीही. ‘उदर’ हा शब्द नपुंसकलिंगी. पण ‘लंबोदर’ म्हणजे लांब पोट नव्हे, तर तसे पोट ज्याचे आहे तो, म्हणून तो शब्द पुल्लिंगी. ‘मिसेरिकोर्स’ची गोष्ट अगदी तीच. ‘कोर’ हा शब्द लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी आहे. पण समासात शिरताच तो आपले लिंग सोडतो आणि ज्याच्या ठायी ते हृदय आहे त्याचे लिंग घेतो. म्हणजे ‘मिसेरिकोर्स’ हे हृदयाचे नाव नसून हृदय असलेल्या व्यक्तीचे विशेषण आहे.

एवढेच नव्हे, तर या लॅटिन शब्दाचा सख्खा भाऊ आपल्याच घरात नांदतो आहे. ‘सुहृद्’ हा शब्द आपण लग्नपत्रिकेपासून शोकसभेपर्यंत वापरतो. चांगले हृदय ज्याचे आहे तो सुहृद्, म्हणजे मित्र. उलट अर्थी दुर्हृद्, म्हणजे शत्रू. या दोन शब्दांसाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले आहे. संस्कृत ‘हृद्’ आणि लॅटिन ‘कोर्द’ हे भाषाशास्त्रज्ञ एकाच कुळातले मानतात. लॅटिनमध्ये ‘कोन्कोर्स’ म्हणजे एकहृदयी, ‘दिस्कोर्स’ म्हणजे ज्याचे हृदय दुसऱ्याशी जुळत नाही तो. संस्कृतात प्रथमेचे एकवचन ‘सुहृत्’, अनेकवचन ‘सुहृदः’. लॅटिनमध्ये एकवचन ‘मिसेरिकोर्स’, अनेकवचन ‘मिसेरिकोर्देस’. दोन्हीकडे अनेकवचनात मुळातला ‘द’ स्पष्ट ऐकू येतो.

समासाचा विग्रह करताना खरी अडचण येते आणि धर्मशास्त्र तेथेच सुरू होते. विग्रह दोन प्रकारे होऊ शकतो. एक : ‘दीन झाले आहे हृदय ज्याचे तो’. दुसरा : ‘दीनांच्या ठायी आहे हृदय ज्याचे तो’. दुसरा विग्रह प्रवचनकारांचा लाडका. पहिला मात्र जुन्या आचार्यांचा. सातव्या शतकात सेव्हिलचे संत इसिदोर यांनी आपल्या शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथात सांगितले की, दुसऱ्याच्या दैन्याने दुःख करणाऱ्याचे हृदय दीन होते, म्हणून या गुणाला ‘मिसेरिकोर्दिया’ म्हणतात. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही याच अर्थाची व्युत्पत्ती दिली : दुसऱ्याच्या दैन्यामुळे ज्याचे हृदय दीन झाले आहे तो दयावंत. इसिदोर यांनी लगेच एक पाचरही मारून ठेवली आहे. ही व्युत्पत्ती सर्वत्र लागू पडत नाही. कारण परमेश्वराच्या ठायी दया आहे, पण हृदयाचे दैन्य मुळीच नाही. थॉमस यांचेही उत्तर त्याच दिशेचे आहे : परमेश्वर दुःखाने व्याकूळ होतो म्हणून दयावंत नव्हे, तर तो आपले दैन्य खरोखर दूर करतो म्हणून दयावंत.

हे शब्दांचे कीस काढणे नव्हे. दोन्ही विग्रह मनात ठेवले की आपल्या ‘दया’ या शब्दाला आलेली सूज उतरते. मराठीत आपण ‘त्याची दया येते’ असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ ‘कीव येते’ असा असतो. कीव करणारा उंच उभा असतो आणि ज्याची कीव करायची तो खाली. ‘मिसेरिकोर्स’मध्ये ही उंची उरत नाही, कारण त्यात दुसऱ्याचे दैन्य माझ्याच हृदयात शिरलेले असते. मराठीत याला जवळचा शब्द हवा असेल तर तो ‘कळवळा’ हा आहे. ‘पोटात कालवते’, ‘आतडे तुटते’ हे आपले बोलणे त्याहून जवळचे आहे. गंमत अशी की, इफिसकरांस पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात ज्या ग्रीक विशेषणाचे भाषांतर संत जेरोम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन बायबलात ‘मिसेरिकोर्देस’ असे झाले आहे, ते ग्रीक विशेषणही सामासिकच आहे आणि त्याचा अक्षरशः अर्थ ‘चांगल्या आतड्यांचे’ असा आहे! हिब्रू भाषेतील करुणावाचक विशेषणाचे नाते तर गर्भाशयाच्या नावाशी आहे. हिब्रूने उदर धरले, ग्रीकने आतडी, लॅटिनने हृदय. आपल्या आयाबाया ‘आतडे तुटते’ म्हणतात तेव्हा त्या याच पंक्तीत बसलेल्या असतात.

आता विशेषण चालवून पाहू. ‘मिसेरिकोर्स’ हे लॅटिनच्या तिसऱ्या गणातले, प्रथमेच्या एकवचनात तिन्ही लिंगांना एकच रूप असलेले विशेषण आहे. पुरुष दयाळू, स्त्री दयाळू, मन दयाळू, तिन्हींना ‘मिसेरिकोर्स’. पुढे षष्ठीत ‘मिसेरिकोर्दिस’, चतुर्थीत ‘मिसेरिकोर्दि’, पुल्लिंगी-स्त्रीलिंगी द्वितीयेत ‘मिसेरिकोर्देम’. अनेकवचनात प्रथमा आणि द्वितीया ‘मिसेरिकोर्देस’, षष्ठी ‘मिसेरिकोर्दिउम’, चतुर्थी ‘मिसेरिकोर्दिबुस’. पवित्र मरियेला ‘साल्वे रेजिना’ या प्रार्थनेत आपण तिचे दयार्द्र नेत्र आपल्याकडे वळवण्याची विनंती करतो. तेथेही ‘मिसेरिकोर्देस’ हेच रूप आहे. फक्त ती द्वितीया आहे, कारण ते नेत्रांचे विशेषण आहे. बोधवाक्यात ती प्रथमा आहे. मग ती कोणाची? पित्याची नव्हे, कारण ‘पातेर’ एकवचनी आहे. ज्यांना आज्ञा केली आहे त्यांची, म्हणजे आपली. लूकच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाच्या छत्तिसाव्या वचनात प्रभू येशू शिष्यांना दयाळू होण्यास सांगतो. तेथे शिष्यांसाठी ‘मिसेरिकोर्देस’ आणि पित्यासाठी ‘मिसेरिकोर्स’ अशी दोन्ही रूपे एकाच वचनात आली आहेत. फलकावर ‘दुरुस्ती’ करणाऱ्याने पित्याचे विशेषण उचलून आपल्या जागी बसवले आणि आपण सर्व जण वाक्यातून बाहेर पडलो.

येथे मराठीची एक अडचण निघते आणि ती मराठीवर प्रेम करणाऱ्याने उघडपणे सांगितली पाहिजे. ‘चांगला’ या विशेषणाची ‘चांगली’, ‘चांगले’, ‘चांगल्या’ अशी रूपे होतात. ‘दयाळू’ मात्र अविकारी आहे. दयाळू बाप, दयाळू आई, दयाळू माणसे, दयाळू माणसांना. शब्द जागचा हलत नाही. मग वचन कळायचे कशावरून? ‘व्हा’ या क्रियापदावरून. पण ‘व्हा’ हे रूप आपण एका वडीलधाऱ्या माणसालाही आदराने म्हणतो. म्हणून ‘पित्यासारखे दयाळू व्हा’ हे वाक्य ऐकणारा प्रत्येक जण समजतो की, हे मला एकट्याला, आदराने सांगितले आहे. इंग्रजीत तर विशेषणाला वचनच नाही. आपल्याकडे हे बोधवाक्य इंग्रजीच्या वाटेने आले, म्हणून येतानाच ते आपले अनेकवचन वाटेत टाकून आले. परिणाम असा की, ख्रिस्तसभेला सांगितलेली आज्ञा आपण खाजगी सद्गुण म्हणून ऐकली.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही सर्व दयाळू व्हा’ याचा अर्थ ‘तुमच्यापैकी प्रत्येकाने दयाळू व्हावे’ असा होऊ शकत नाही काय? होऊ शकतो, आणि प्रत्येकाची दया व्यर्थ आहे असे मला म्हणायचे नाही. पण हेच रूप अन्यत्र कोठे आले आहे ते पाहा. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या बत्तिसाव्या वचनात त्याच्या शेजारी ‘एकमेकांशी’ हा शब्द आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्या आधी ‘सर्व जण एकचित्त’ असे शब्द आहेत. डोंगरावरील प्रवचनात धन्य म्हटले आहे ते दयाळू माणसाला नव्हे, दयाळू माणसांना. लूकच्या मूळ ग्रीकमध्येही विशेषण अनेकवचनीच आहे. तेव्हा हे अनेकवचन लॅटिनचा छंद नसून शुभवर्तमानाचा स्वभाव आहे.

आणि एकट्याने करताच येत नाही अशी दया असते. एक उदाहरण देतो. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत ती बंदी उरलेली नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा मृतांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असे सांगितले असून, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा दयाळू झाला. धर्मगुरूही दयाळू झाला, असे समजू. पण अशा घरातून शवपेटी निघते तेव्हा मागे किती माणसे चालतात? शेजारच्या बाकावर बसणारी कुटुंबे त्या दिवशी कोठे असतात? चाळिसाव्या दिवशी त्या घरात कोण जाते? प्रत्येक जण मनातून हळहळतो. प्रत्येक जण एकवचनी ‘मिसेरिकोर्स’ असतो. पण त्या आईला हव्या असतात त्या भरलेल्या बाकांच्या रांगा. तेथे ‘मिसेरिकोर्देस’च लागते. ते नसेल तर धर्मगुरूचे सुंदर प्रवचन म्हणजे रिकाम्या मंदिरात वाजवलेली घंटा.

आमच्या देवळाली कॅम्पसारख्या ठिकाणी तर हे रोजचेच आहे. छावणीचे गाव; दोन-तीन वर्षांत बदलीवर जाणारी कुटुंबे, हवापालटासाठी येणारी आजारी माणसे, अनेक भाषा. नव्याने आलेले कुटुंब तीन रविवार मागच्या बाकावर बसते आणि चौथ्या रविवारी दिसेनासे होते. त्यांच्याशी कोणी भांडलेले नसते, कोणी त्यांना दुखवलेले नसते. आपल्यापैकी प्रत्येक जण सज्जन असतो. फक्त ‘आपण’ म्हणून त्यांच्याकडे कोणी गेलेले नसते.

आता विरोधकांकडे वळतो. ते तीन प्रकारचे आहेत आणि तिघेही माझे स्नेही आहेत, म्हणून मोकळेपणाने बोलतो.

पहिला विरोधक उपयुक्ततावादी. त्याचे म्हणणे, लॅटिन मेली. सेमिनरीत तिची रूपे घोकण्यापेक्षा समुपदेशन शिकवा, संगणक शिकवा. समुपदेशन जरूर शिकवावे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयीच्या आदेशात सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना लॅटिनचे ज्ञान मिळावे असे सांगितले आहे, ते कोणी मागे घेतलेले नाही. आणि मेलेल्या भाषेविषयी सांगायचे तर, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी सोळावे बेनेडिक्ट यांनी पोपपदाचा त्याग लॅटिनमध्ये जाहीर केला, तेव्हा ती बातमी जगाला प्रथम दिली ती लॅटिन समजणाऱ्या एका इटालियन महिला पत्रकाराने. त्याच वर्षी व्हॅटिकनने काढलेल्या पोप फ्रान्सिस यांच्या पदकावर ‘येशू’ या नावाचे पहिले अक्षर चुकीचे पडले आणि पदके मागे घ्यावी लागली. जो वाचत नाही त्याच्या हातून आपल्या प्रभूचे नावसुद्धा निसटते, मग विशेषणाचे काय घेऊन बसलात!

दुसरा विरोधक भाविक लॅटिनप्रेमी. तो माझ्या बाजूचा वाटतो, पण नाही. त्याला लॅटिन हवी ती धुपासारखी : सुवास यावा, आकृती दिसू नये. ‘समजले नाही तरी पवित्र वाटते’ असे तो म्हणतो. १९६३ सालच्या उपासनेविषयीच्या संविधानाने लॅटिन राखली, लोकभाषेला जागा दिली, आणि या दोहोंच्याही आधी मागणी केली ती श्रद्धावंतांच्या पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागाची. न कळणारे अनेकवचन कितीही गोड चालीत गायले तरी त्यात जाणीव कोठून येणार? ज्याला लॅटिन मिस्साची ओढ आहे त्याने प्रथम एक विशेषण चालवून दाखवावे.

तिसरा विरोधक मराठीचा अभिमानी. ‘लॅटिन रोमची, समास संस्कृतचे; आम्हा साध्या मराठी ख्रिस्ती माणसांना दोन्हींशी काय कर्तव्य?’ या प्रश्नाचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी, येथील भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे नमूद केले. विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात हेच जगाला सांगितले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी! ज्याच्या कानात लॅटिनची रूपे घुमत होती त्यालाच मराठी-कोंकणीतील नाते ऐकू आले. आणि त्याच माणसाने १६१६ साली रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठीला दिले, कोंकणीचे व्याकरणही रचले. लॅटिन शिकल्याने त्याची मराठी दुबळी झाली काय? उलट, दोन भाषांचे सांधे ज्याला कळले तोच तिसरीत घर बांधू शकला. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणले तेही मूळ भाषांशी झगडून. मराठीचा अभिमान हा अभ्यासाला पर्याय होऊ शकत नाही.

मूळ विसरलेल्या शब्दाचे काय होते, हे देवळालीकरांना तरी वेगळे सांगायला नको. येथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन्महिने अडकलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरू लागली आणि आपल्या गावाच्या नावाचा इंग्रजीत ‘डूलॅली’ झाला, अर्थ ‘वेडा’. आज इंग्लंडात तो शब्द वापरणाऱ्यांपैकी कितीकांना नाशिकजवळचे हे गाव ठाऊक असेल? शब्द पुढे गेला, गाव मागे राहिले. याच्या उलट उदाहरणही येथेच आहे. ब्रिटिश तोफखान्याचे ‘उबिक्वे’, म्हणजे ‘सर्वत्र’, हे लॅटिन ब्रीद होते. भारतीय तोफखान्याच्या ब्रीदवाक्यात आज ‘सर्वत्र’ हाच शब्द अग्रभागी आहे. येथे कोणीतरी अर्थ समजून घेतला, म्हणून भाषा बदलली तरी आशय टिकला. आपल्याला ‘मिसेरिकोर्देस’चे काय करायचे आहे? ‘डूलॅली’ की ‘सर्वत्र’?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सेमिनरीत लॅटिन शिकवावी ती इंग्रजी व्याकरणाच्या कुबड्या घेऊन नव्हे, तर मराठीच्या समास आणि विभक्ती यांच्या आधारे. आमच्या मुलांना बहुव्रीही आधीच येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात दर महिन्याला उपासनेतील एक शब्द घेऊन त्याची घडण मुलांपुढे उलगडावी. ‘ओम्निपोतेन्स’ आणि ‘मिसेरिकोर्स’ ही जोडी प्रारंभासाठी उत्तम आहे, कारण मिस्साच्या कित्येक प्रार्थनांत परमेश्वराला ही दोन्ही विशेषणे शेजारी-शेजारी लावली आहेत. आपण सर्वसमर्थ देवाकडे नवस बोलतो. त्याच्या दुसऱ्या विशेषणाशी मात्र आपले नाते मागण्यापुरतेच असते. आणि मराठी भाषांतरात आदरार्थी ‘व्हा’चा संशय राहू नये म्हणून आपण निःसंकोचपणे एक शब्द वाढवावा : ‘आपण सर्व मिळून पित्यासारखे दयाळू होऊ या’. भाषांतरात एक शब्द वाढला तर पाप लागत नाही. आशय गळाला तर मात्र लागते.

लॅटिन रूपावलीत एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. ‘मिसेरिकोर्स’ या प्रथमेच्या एकवचनात हृदयाचा ‘द’ दडलेला असतो. तेच विशेषण दुसऱ्या कोणाच्या तरी संबंधाने षष्ठीत गेले, कोणासाठी तरी चतुर्थीत गेले, किंवा अनेकांचे झाले, की तो ‘द’ प्रकट होतो. हा व्याकरणाचा नियम आहे, धर्मसिद्धान्त नव्हे. यावर कोणी मठ उभारू नये. पण येत्या रविवारी मंदिरात बसल्यावर आपापल्या बाकावर मागे वळून पाहावे. शेवटच्या रांगेत ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत अशी माणसे बसलेली असतील. मिस्सा संपल्यावर त्यांच्याकडे एकट्याने जाऊ नका; चौघे मिळून जा.